डावा खिसा

मी नमुन्याचा कोट बोलतोय. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बायका अंगावर चढवतात तसला, निळा. माझ्यासारखे पाचशे शिवायचे होते. तिच्या हातून झालो मी एकटाच.

ती म्हणजे चार मशिनांवर चार बायकांना काम देणारी शिवणारीण. तिची नणंद दवाखान्यात फरशी पुसते. माझं माप तिचंच घेतलं. नणंद डावखुरी, म्हणून फडकं ठेवायचा खिसा डावीकडे आला.

"ऑर्डर मिळाली की बाकीच्यांना उजवीकडे लावू," शिवणारीण म्हणाली.

"आधी मिळू तर दे, वहिनी!"

'बाकीच्यांना खिसा उजवीकडे' एवढी सूचना आणि आपला फोननंबर लिहून तिने चिठ्ठी माझ्या खिशात ठेवली.

छोट्या उद्योजक बायकांची मोठ्या लोकांशी ओळख करून देणारा मेळावा होता. दवाखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याने मला उलटसुलट करून पाहिलं. पत्ता ऐकला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"त्या वस्तीतल्या का तुम्ही? वेळेवर द्याल ना?"

"एक दिवस आधीच देईन, साहेब."

"नमुना ठेवून जा, बघून कळवतो." मग मला मध्ये धरून दोघांचा फोटो निघाला.

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या साडूच्या कारखान्यात होतो. तिथे माझी बाही उसवून साचा काढला आणि मला कसेबसे टाके घातले. खिशात मात्र कुणी हात घातला नाही. पाचशे कोट शिवले, पाचशेही डावखुरे. नक्कल करायलाही अक्कल लागते!

वर्षभराने पुन्हा मेळावा. मला स्टँडवर अडकवलं, वर पाटी: 'आमच्या भगिनींची भरारी'. ती आली. नणंद कामावरून तशीच आली होती, नवा कोट घालून.

"सगळ्या जणी वैतागल्यात, वहिनी. उजव्या हाताने फडकं निघतच नाही. मला एकटीलाच बरोबर बसतो."

तिने नणंदेचा खिसा पाहिला. मग माझ्या खिशातली चिठ्ठी काढून साहेबांपुढे धरली. घडी होती तशीच होती.

"साहेब, काम नाही म्हणून माझी दोन मशिनं बंद पडलीत."

"अरे वा, नंबर सापडला! या वर्षी नवीन नमुना आणलाय ना?"

तिने मला स्टँडवरून काढलं आणि घरी आणलं. मला फार राग येतो, पण कोटाच्या रागाला कोण विचारतं? तुम्ही अशा मेळाव्याला गेलात तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा, काम शेवटी कुणाला मिळालं?

आता मी बंद मशिनावर झाकण म्हणून असतो. दर आठवड्याला ती मला उचलते, मशिनाला तेल घालते आणि परत पांघरते.