ईशान्येकडे तोंड

१९७२ च्या मार्चमध्ये बाबांनी डोंगरावरच्या जाळ्यातून जी ससाणी आणली, तिने पहिल्याच सकाळी मुंजियाचा अंगठा फाडला.

"झकास आहे!" बाबा म्हणाले. अंगठ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मुंजिया माझी थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तिच्याच हातावर चालायचं आणि बाबांचे पक्षीसुद्धा. सिसिलीसमोरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या हवारिया गावात दर वसंतात समुद्र ओलांडायला निघालेल्या ससाण्या डोंगरापाशी गोळा होतात आणि पुरुष त्यांना जाळ्यात धरतात. नर तिथेच सोडतात, तो लहानखुरा, शिकारीला निरुपयोगी. मादी ठेवतात, माणसाळवतात, तिच्याकडून लावे धरून घेतात आणि जूनच्या जत्रेनंतर तिला सोडून देतात. सोडायचंच, हा गावचा दंडक. मनगटावर ससाणी घेऊन बाजारात मिरवायचे बाबा. तिला तुकडा तुकडा भरवून, अंगणात फेऱ्या मारून माणसाळवायची मुंजिया.

पायात दोरी असली तरी ती ससाणी दांडीवर कायम ईशान्येकडे तोंड करून बसे. खोडी म्हणून मी दांडी फिरवून ठेवायचे. ती पुन्हा वळायची.

"हिला कोण सांगतं गं, सिसिली तिकडं आहे म्हणून?"

"मला तरी कुणी सांगितलंय?" मुंजिया हसली.

तिचा लझहर सिसिलीत होता, माझाराच्या मच्छीमार बोटींवर. साखरपुडा झाला होता. जूनमध्ये तो तिला न्यायला आला, तेव्हा जत्रा नुकतीच संपली होती. बाबांच्या ससाणीने सगळ्या गावाला मागे टाकलं होतं. लोकांनी बाबांना खांद्यावर घेतलं होतं.

अंगणात पुदिन्याचा चहा झाला. लझहर म्हणाला, "काका, शनिवारी बोट आहे. त्याआधी लग्न उरकू. तिचे कागद मी करून आणलेत."

"शनिवारी? मग हिला कोण भरवणार?"

"कुणाला?"

"ससाणीला. यंदा सोडत नाही मी तिला. नवी पिसं येऊ देत, मग पुढच्या वर्षी बघ तिचा तोरा!"

लझहरला वाटलं, थट्टा चालली आहे. तो हसला. बाबा हसले नाहीत.

शेजारची मनूबियाखाला तिथेच पोळ्या भाजत होती. ती म्हणाली, "बलगासम, दंडक मोडू नकोस. ओढ आहे तोवर सोडावं. मागाहून वाट सापडत नाही."

"वाट तिच्या अंगातच असते, बाई. अंगातली वाट कुठं जाते?"

"बाबा," मुंजिया म्हणाली, "सलूहा भरवेल की तिला."

मी उठले. मांसाचा तुकडा ससाणीपुढे धरला. तिने मान फिरवली.

"बघितलंस?" बाबा लझहरला म्हणाले. "एकच हंगाम, लेका. समुद्र काय पळून जातोय?"

लझहर दोन दिवस विनवत राहिला आणि शनिवारी एकटाच गेला. पुढच्या उन्हाळ्यात येतो म्हणाला. मुंजिया त्याला निरोप द्यायला दारापर्यंत आली, तेव्हा तिच्या मनगटावर ससाणी होती.

ऑगस्टमध्ये एका सकाळी ससाणी भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसली. मी दांडी फिरवली. ती वळली नाही.

मुंजियाने ते पाहिलं. तिने सुरीने दोरी कापली, ससाणीला घेऊन गच्चीवर गेली आणि पुरुष सोडतात तशी दक्षिणेच्या वाऱ्यावर तिला उडवली. ससाणी वर चढली. मिनाराला घिरट्या घातल्या, एकदा समुद्राच्या बाजूला गेली. मुंजियाने माझा हात घट्ट धरला. मग ससाणी परत फिरली, गच्चीच्या कठड्यावर येऊन बसली आणि खाण्यासाठी ओरडू लागली.

खालून बाबा ओरडले, "बघा, बघा! घर ओळखते पोर!" त्यांचे डोळे भरून आले होते.

मुंजियाने हात पुढे केला. ससाणी त्यावर येऊन बसली.

ससाणी त्याच हिवाळ्यात मेली. आई गेली तेव्हा बाबा इतके रडले नव्हते. लझहर पुढच्या उन्हाळ्यात आला नाही, त्याचा निरोप आला. त्याने तिकडेच आमच्याच किनाऱ्यावरच्या महदियाच्या एका मुलीशी लग्न केलं होतं. त्याची मुलं आता इटालियन बोलतात. मनूबियाखाला बाबांशी पुन्हा कधी बोलली नाही आणि तशीच गेली. बाबा पुष्कळ जगले. शेवटची वर्षं अंथरुणावर होते आणि मुंजियाशिवाय कुणाच्या हातचं खात नव्हते. मी लग्न होऊन केलिबियाला गेले.

माझा मुलगा शाळेत शिकवतो. तो सांगतो, पक्ष्यांना सूर्यावरून, ताऱ्यांवरून, पृथ्वीच्या चुंबकावरून दिशा कळते. असेल. गेल्या वर्षी तो मुंजियाला म्हणाला, "मावशी, चल, तुला सिसिली दाखवतो."

"तिथं कुणाला भरवायचंय मला?" ती म्हणाली.

यंदा मार्चमध्ये मी तिच्याकडे होते. साऱ्या गच्च्यांवर लोक माना वर करून उभे होते. ससाण्या डोंगरावरून उठून समुद्राकडे निघाल्या होत्या. मुंजिया अंगणात मसूर निवडत होती. तिला दिसावं म्हणून मी तिची खुर्ची जराशी फिरवली. ती उठली, खुर्ची परत भिंतीकडे केली आणि ताट मांडीवर घेतलं.