खड्ड्यातली प्रार्थना

दुपारी दोन वाजता लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना ठिणगीने मनाशी पक्कं ठरवलं होतं, की आज काही झालं तरी हसतमुख राहायचं. आता सांगा! जिला जन्मदात्या बापाने ठिणगी अशी हाक मारली आणि छत्तीस वर्षांत एकाही माणसाने त्यावर हरकत घेतली नाही, तिने हसतमुख राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण बाईने चार आठवडे ते निभावलं होतं. दातओठ खाऊन निभावलं होतं. आज पाच वाजेपर्यंत कळ काढायची, की सुटलो, असा तिचा हिशेब होता.

भानगड अशी होती. ठिणगी आणि तिचा पाच वर्षांनी मोठा दादा, दोघं मिळून लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. बाबांनीच सुरू केलेलं आणि बाबांनीच शिकवलेलं काम. सोळा वर्षं दोघांची जोडी होती. एक जण गच्चीवरच्या मशीन रूममध्ये आणि दुसरा खाली खड्ड्यात. दादाने लग्न केलं नव्हतं. याचं लिफ्टशीच लागलंय, असं आई म्हणायची. आणि अशा या दादाला चर्चच्या मंडळींनी एक दिवस गाठलं आणि म्हटलं, तू पाळक हो, म्हणजे चर्चचा धर्मगुरू. त्यासाठी तीन वर्षं दुसऱ्या शहरात राहून शिकायचं. तिथल्या कॉलेजने आज पाचपर्यंत होय की नाही ते कळवायला सांगितलं होतं.

दादा भला माणूस. त्याने बहिणीला एकदा नाही, तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा आज सकाळी, न्याहारीच्या टेबलाशी. ‘‘खरं सांग, जाऊ का मी? तू नको म्हणालीस तर नाही जाणार. पण खरं सांग.’’

‘‘अरे, जा ना! देवाचं काम आहे. मला तर आनंदच आहे,’’ ठिणगी म्हणाली, आणि पावाला लोणी अशा जोराने लावलं की पावाचे दोन तुकडे झाले.

दादाने त्या पावाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हातातला फोन काही न पाठवताच खिशात टाकला.

आनंद! डोंबलाचा आनंद! तिच्या अंगाची नुसती लाही होत होती. पण राग दादाचा नव्हता, तो बिचारा काय करणार? राग होता देवाचा. आणि तो काढायचा कुठे? देवाशी बोलायचं तर हातपाय धुऊन, आवाज मऊ करून, हे तिला आईने लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे रोज झोपण्याआधी ती ‘प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो, दादाला आशीर्वाद दे, आमेन’ एवढं एका दमात उरकायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. चार आठवडे ती देवाशी धड एक शब्द बोलली नव्हती. तसं पाहिलं तर अबोलाच धरला होता, फक्त तो फार सभ्य भाषेत चालला होता.

आजची इमारत सात मजल्यांची होती. काम नेहमीचंच: खड्डा साफ करायचा, रुळांना तेल द्यायचं, सैल झालेले बोल्ट आवळायचे, वर दादाने ब्रेक आणि दोर तपासायचे. केबिन चौथ्या मजल्यावर थांबवून मेन स्विच बंद केला होता. वर-खाली बोलायला इंटरकॉम होता, तो बॅटरीवर चालायचा. मशीन रूम, केबिन, खड्डा आणि दारात बसणाऱ्या वॉचमनचं टेबल, चारही ठिकाणी एकच लाइन. बोलताना बटण दाबून धरावं लागायचं. पण खड्ड्यात काय, वर मशीन रूममध्ये काय, दोन्ही हात कामात अडकलेले असतात, म्हणून बाबांची एक युक्ती होती: बटण दाबायचं आणि त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून टाकायचा. मग काम करता करता बोलता येतं. कुणाला शिवी हासडायची असली, की आधी टेप काढायची, हाही बाबांचाच नियम.

अर्ध्या तासाने वरून दादाचा आवाज आला. ‘‘ठिणगे, फोन करायचाय. मी बाहेर गच्चीत जातोय जरा.’’

‘‘जा की,’’ ती गोड आवाजात म्हणाली. मनात मात्र म्हणाली, कॉलेजलाच फोन करतोय. संपलं सगळं.

तिने पाना बोल्टला लावला. बोल्ट हलेना. हा बोल्ट खरं तर दोघांचा. एकाने मागून नट धरायचा, दुसऱ्याने पाना फिरवायचा. तिने पाय रोवले, सगळा जोर लावला, आणि पाना सटकून तिच्या बोटांची सालटी निघाली.

मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘‘बास!’’ ती ओरडली. खड्ड्यात आवाज घुमला. ‘‘बास झालं आता! ऐकतोयस ना? की तुलाही दुपारची डुलकी लागली? माणसं संपली होती का जगातली? पाळक करायला तुला माझाच भाऊ सापडला? बाबांना नेलंस तेव्हा मी तोंडातून ब्र काढला नाही. तुझी इच्छा, म्हटलं. आता याला नेतोस, आणि वर मी टाळ्या वाजवायच्या? नाही वाजवणार! मला राग आलाय. तुझा! हो, तुझाच, दुसऱ्या कुणाचा नाही!’’

एवढं बोलून तिने वर पाहिलं. आता काहीतरी होणार, असं तिला खरंच वाटलं. वर केबिनचा काळा तळ दिसत होता. काही पडलं नाही, काही गडगडलं नाही. कुणीतरी शांतपणे ‘बरं, पुढे?’ म्हणावं तशी शांतता होती.

तेव्हा ती पुढे बोलली. तेलाच्या डब्यावर बसली आणि बोलतच राहिली, तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच.

‘‘आणि मला भीती वाटते. हे कुणाला सांगू? आईला सांगितलं तर ती रडेल, दादाला सांगितलं तर तो जायचा नाही. सोळा वर्षं मी वर न बघता काम केलंय, कारण वर कोण आहे ते मला माहीत होतं. आता वर कुणीतरी परका असेल. आणि दादा तीन वर्षांनी परत येईल, गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि मला ‘भगिनी’ म्हणून हाक मारेल! मारली ना, तर पाना फेकून मारीन, आत्ताच सांगून ठेवते.’’

तिने बाहीने नाक पुसलं. गालावर ग्रीसचा पट्टा उमटला.

‘‘आणि सगळ्यात जास्त कशाचा संताप येतो, सांगू? तू माणूस बरोबर निवडलायस. तिथेच तर माझी बोलती बंद होते. ते गेल्या वर्षीचे आजोबा... तुला माहितीच आहे, तरी सांगते. पन्नास मिनिटं लिफ्टमध्ये अडकले होते. मी ब्रेकशी झटापट करतेय आणि हा इंटरकॉमवर त्यांच्याशी गप्पा मारतोय. आधी बूट चावतात का यावर, मग गुडघ्यांवर, मग त्यांच्या गेलेल्या बायकोवर. मग दोघांनी मिळून प्रार्थना केली. मी दार उघडलं तर म्हातारा बाहेर यायला तयार नाही! म्हणे, अजून दहा मिनिटं बंद ठेवता का? असा माणूस तू लिफ्टच्या कामात किती दिवस ठेवणार होतास? मी तुझ्या जागी असते तर मीही त्यालाच उचललं असतं. कळलं? घे, म्हणाले एकदाचं. खूश?’’

आणि गंमत म्हणजे तिला हसू आलं. देवाशी एवढं कडाकडा भांडून झाल्यावर आपण खड्ड्यात तेलाच्या डब्यावर बसून त्याला ‘खूश?’ विचारतोय, याचंच हसू आलं. डोळ्यांतून पाणी, आणि पोट धरून हसतेय. चार आठवड्यांत पहिल्यांदा तिला वाटलं, की बोललेलं कुणापर्यंत तरी पोचलं. राग पुरता गेला नव्हता, पण आता तो एकटीने उचलून धरायची गरज उरली नव्हती. काय बाई मी, तिला वाटलं, एवढे दिवस मऊ आवाजात कुणाला फसवत होते!

तेवढ्यात कुणीतरी जोरात नाक शिंकरलं.

ठिणगीने इकडेतिकडे पाहिलं. नाक शिंकरल्याचा दुसरा आवाज आला, चांगला लांबलचक. इंटरकॉममधून. तिची नजर हळूहळू बटणाकडे गेली. काळी टेप जागच्या जागी, घट्ट चिकटलेली. सोळा वर्षांत एकदाही न विसरलेली टेप ती आजच काढायला विसरली होती.

‘‘दादा?’’ तिने इंटरकॉमकडे तोंड नेलं. ‘‘तू फोनवर होतास ना?’’

‘‘आईला केला होता फोन. साबण आणायला सांगितलाय. दोन मिनिटांत आत आलो.’’

‘‘म्हणजे तू...’’

‘‘‘डुलकी लागली का’पासून पुढचं सगळं.’’

ठिणगीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. धरणी दुभंगावी असं माणसाला वाटतं, पण ती तर आधीच खड्ड्यात होती, आणखी कुठे जाणार?

‘‘ताई,’’ तिसराच एक आवाज अदबीने बोलला. तो वॉचमनचा होता. ‘‘मध्ये बोलतो, माफ करा. मी तुमच्या चर्चचा नाही. पण आमेन म्हटलं तर चालेल का?’’

‘‘काका, तुम्ही पण?’’

‘‘टेबलावरच आहे ना यंत्र. कानावर हात ठेवून बघितले, पण तुमचा आवाज तसा खणखणीत आहे.’’

मग वरून दादा हसायला लागला. नाक शिंकरून शिंकरून हसत होता. हसणं ओसरलं तेव्हा म्हणाला, ‘‘मला वाटलं होतं, तुला सुटल्यासारखं झालंय. तीनदा विचारलं आणि तीनदा तू मला हाकलल्यासारखं जा म्हणालीस. रात्रंदिवस एकच विचार, की हिला माझी अडचण होत होती का एवढी वर्षं? म्हणून तो होकाराचा निरोप सकाळपासून लिहून ठेवलाय आणि माझ्याच्याने पाठवला जात नाही. ज्याची सख्खी बहीण त्याला खरं सांगत नाही, त्याला मंडळी काय सांगणार?’’

‘‘गाढवा,’’ ठिणगी म्हणाली आणि पुन्हा रडू लागली. ‘‘अडचण म्हणे!’’

‘‘आणि मलाही भीती वाटते गं. एक्केचाळीस वर्षांचा घोडा मी, विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसणार. पाठांतर तर शाळेतही कधी झालं नाही. कधी कधी वाटतं, देवाला विचारावं, वीस वर्षं आधी काय करत होतास?’’

‘‘मग विचार की!’’

‘‘असं कसं...’’

‘‘असंच! मला काही झालं का? बस मशीनच्या बाजूला आणि विचार. मी कानात बोटं घालते. काका, तुम्हीही घाला.’’

‘‘घातली, ताई,’’ वॉचमन म्हणाला. आता हे त्याला ऐकू कसं आलं, ते विचारू नका.

दादाने आधी घसा खाकरला. मग चाचरत सुरुवात केली, अगदी रविवारच्या आवाजात, ‘‘हे दयाळू प्रभू...’’ आणि मध्येच अडखळला. आणि मग सात मजले वर त्याने जो काही आवाज लावला! वीस वर्षं आधी कुठे होतास, आता का, मला काय येतं, आणि आईचे गुडघे कोण बघणार, आणि त्या वसतिगृहात घोरणाऱ्या माणसाला कोण खोलीत घेणार. ठिणगीने बोटं कानात घातली नव्हती, अर्थातच. ती ऐकत होती आणि सालटी निघालेली बोटं फुंकत होती, आणि तिचं ऊर भरून आलं होतं. इतक्या वर्षांत दादाची एवढी चांगली प्रार्थना तिने ऐकलीच नव्हती.

चार वाजता दोघांनी मिळून तो बोल्ट आवळला. मेन स्विच चालू करून, केबिन वर-खाली फिरवून पाहिली. तळमजल्यावर वॉचमन पाण्याचे दोन ग्लास घेऊन उभा होता.

‘‘दोघांचेही घसे बसले असतील,’’ तो म्हणाला, आणि ग्लास हातात देऊन आपला आपण दाराबाहेर जाऊन उभा राहिला. समजूतदार माणूस.

दादा पाणी प्यायला. त्याने खिशातून फोन काढला. साडेचार वाजले होते. सकाळपासून लिहून ठेवलेला निरोप समोरच होता.

‘‘ठिणगे,’’ तो म्हणाला, ‘‘चौथ्यांदा विचारतो. जाऊ का मी?’’

‘‘नको,’’ ठिणगी म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण तिने तो सावरायचा प्रयत्न केला नाही. ‘‘अजिबात नको जाऊस. मला करमायचं नाही. आणि पाठव तो निरोप, आत्ताच्या आत्ता, नाहीतर मी पाठवते.’’

‘‘एवढंच ऐकायचं होतं गं मला,’’ दादा म्हणाला. त्याने निरोप पाठवून दिला, आणि ग्रीसने माखलेल्या त्या बहिणीला अशी घट्ट मिठी मारली, की दोघांचेही शर्ट वाया गेले.