पाच वर्षांचा कागद

हिलाल उधन्याच्या कारखान्यात कापडाचे तागे तपासतो. बावीस वर्षं दोष शोधण्याचीच भाकरी खाल्ल्यामुळे त्याला माणसातही आधी दोष दिसतो, आणि दिसला नाही तर तो जास्तच धास्तावतो. म्हणून हॉकी संघाचा व्यवस्थापक ललितभाई डिंडोलीला त्याच्या घरी दोन करार घेऊन आला, तेव्हा हिलालने चहाच्या आधी चष्मा मागितला.

करार त्याच्या लेकीचा, एकोणीस वर्षांच्या धनश्रीचा. एक कागद वर्षाचा: पैसा जास्त, पुढे मोकळीक. दुसरा पाच वर्षांचा: पैसा बेताचा, पण दुखापत झाली तरी पगार आणि उपचार संघाकडे.

"पाच साल अच्छा है, काका," ललितभाई म्हणाला.

झालं! समोरचा ज्याला चांगलं म्हणतो ते आपल्या भल्याचं कसं असेल? शेठ चांगल्या कारागिराला उचल देऊन बांधून ठेवतो आणि वाईटाला पंधरवड्याच्या पगारावर चालवतो, हे हिलालने जन्मभर पाहिलं होतं. पोर खणखणीत आहे म्हणूनच हे दावं. पुढल्या वर्षी तिचा भाव दुप्पट होईल आणि हा गडी मिशीत हसेल.

"आबा, पाचच घेऊ," धनश्री म्हणाली.

"तू गप बस. तुले काय समजस?"

पण हिलालच्या मनात पाल चुकचुकली. पोर स्वतःहून कमी पैसे मागते? म्हणजे यानं हिलाही फितवलंय! मग त्याने एका वर्षाचाच हेका धरला. ललितभाईने खांदे उडवले, उद्या पक्का कागद आणतो म्हणाला आणि गेला.

धनश्री भिंत धरून उठली. त्याच्या बायकोने, उषाबाईने, तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम केली आणि लेकीच्या सुजलेल्या गुडघ्यावर धरली. हिलाल बघतच राहिला.

"आठ दिन व्हयी ग्यात," बायको म्हणाली. "डॉक्टर म्हने, गुडघा एक हंगाम बी टिकाव नही."

"माले का बरं नही सांगं?"

"तुम्ही माझ्यावरच संशय घेतला असता," धनश्री म्हणाली. "सरावाला दांडी मारायचं नाटक आहे म्हणाला असता."

म्हणालाच असता. हिलालला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच भरात त्याने फोन लावला.

"ललितभाई, पाच वर्षांचंच करू."



"काका, अभी तो आप एक साल पे अड़े थे. लड़की ठीक तो है ना?"

त्याच्या जागी हिलाल असता, तर त्यानेही हेच विचारलं असतं.

"ठीक आहे की!" तो म्हणाला, पण आवाज चिरकला.

"तो ऐसा करते हैं, पहले घुटने-कंधे की जाँच करवा लेते हैं. एक साल हो या पाँच, साइन उसके बाद."

फोन स्पीकरवर होता. तपासणीचं ऐकताच धनश्रीने पुरचुंडी गुडघ्यावरून काढून आईच्या हातात दिली.