नदीसुरयांच्या बेटावरचं बुजगावणं

मी बुजगावणं बोलतोय. हसू नका, हसायची वेळ नाही. ऊन चढत चाललं आहे आणि माझ्या पायाशी वाळूत तीन अंडी उघडी पडली आहेत.

माझा जन्म परतूरजवळच्या धरणाकाठी, चांगुणाबाईंच्या ज्वारीत झाला. बाभळीच्या दोन काठ्या, पोटात कडबा, डोक्याला गाडगं आणि अंगात त्यांच्या नवऱ्याचा जुना सदरा. एकाही पाखराला मी कणसावर टेकू दिलं नाही. त्याचा मला फार ताठा होता.

धरणाच्या पाण्यात वाळूचं एक बेट आहे. उन्हाळ्यात तिथे नदीसुरय नावाचे पांढरे-करडे पक्षी अंडी घालतात. पूर्वी लोक ती उचलून न्यायचे. मग गावानंच ठरवलं, पाखरं राखायची आणि पाहुण्यांना दाखवायची. तातेराव होडीतून लांबूनच पक्षी दाखवतात, रहिमाबी काठावर पिठलं-भाकरी करून वाढतात. नियम एकच. पिल्लं उडेपर्यंत बेटावर कुणीही पाय ठेवायचा नाही. मोठमोठ्या साहेबांनासुद्धा तातेराव खाली उतरू देत नाहीत.

यंदा एका बाजूनं पाणी आटलं आणि कुत्री बेटापर्यंत येऊ लागली. चांगुणाबाई म्हणाल्या, "माझं बुजगावणं न्या. त्याच्यापाशी डुक्करबी फिरकत न्हाई."

गावानं तेवढ्यापुरती नियमाला सूट दिली, म्हणून परवा सकाळी तातेरावांनी मला घाईघाईनं इथे रोवलं आणि लगेच मागे फिरले.

कुत्री आली नाहीत, हे खरं. पण या अंड्यांची आईही खाली उतरेना! ज्यांना राखायचं तीसुद्धा पाखरंच, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. अंधारात मी दिसत नाही, तेव्हा ती येऊन बसते. पण जीव घेतं ते दिवसाचं ऊन. एरवी ती पोट पाण्यात भिजवून यायची आणि अंडी गार ठेवायची. आता माझ्या डोक्यावर घिरट्या घालत नुसती ओरडते आहे. मला माझीच लाज वाटते.

होडीतले पाहुणे मात्र खूश आहेत. "केवढे पक्षी उडताहेत!" म्हणत फोटो काढतात.

आज रहिमाबीही होडीत आहेत. त्यांनी विचारलं, "तातेभाऊ, पाखरं खाली का बसून न्हाई राह्यली?"

"बसतील की. माणसं बघून बुजली असतील."

"परवापासून बघून राह्यले मी. त्या बुजगावण्याला भेली ती. जल्दी जाऊन काढते ना!"

"बिलकुल न्हाई. आपणच नियम मोडला तर मंग लोकायला काय सांगायचं?"

परवा या अंड्यांतून तीन बारीक आवाज येत होते. काल दोन आले. आज एकच येतो.

होडी वळली. रहिमाबी अजून मागे बघताहेत.

रहिमाबी, मोडा तो नियम! इकडून पाणी गुडघाभरच आहे. मला उपटा, तुमच्या चुलीत घाला, माझं काही म्हणणं नाही. फक्त आत्ता या. तो एक आवाज अजून येतो आहे.