समुद्र जायच्या आत भरलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा जग आहे. रंग निळा, झाकण पांढरं, पोटात अठरा लिटर मावतात. माझी तोटी पहिल्या दिवसापासून गळते. "वायसर नीट बसला की थांबेल," असं भुसावळचा दुकानदार म्हणाला होता. तो अजून बसतो आहे.

मला घेणारे दशरथ हे रेल्वेत गार्ड. त्यांची बदली झाली की माझीही व्हायची. एका जागी पाणी स्थिरावलंय असं मला कधी आठवत नाही. तिसऱ्या बदलीला आम्ही जयपूरला, खातीपुऱ्यात आलो. तिथे नळाला पहाटे तासभर पाणी. तेवढ्यात त्यांच्या पत्नी शालनताई हंडे, तपेली, मला आणि घाईत एकदा फुलदाणीही भरत. माझ्या तोटीखाली त्या वाटी ठेवत. थेंब वाया गेलेला त्यांना खपत नसे.

त्यांची मुलगी मयूरी हेच बघत वाढली. २००६ साली ती दक्षिणेतल्या एका सागरी अभ्यासकेंद्रात शिकायला निघाली. समुद्र तिने पाहिला नव्हता. शालनताईंनी मला तिच्या हाती दिलं. "तिकडे पाण्याचं काय असेल, काय नसेल." वर वाटीही दिली.

केंद्रात पत्र्याच्या खोल्या आणि भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता. त्या तक्त्याप्रमाणे उठायचं, जेवायचं, पळायचं. पहिल्याच सकाळी मयूरी समुद्रात उतरणाऱ्या पायरीवर बसली होती. पाणी एक पायरी खाली गेलं. मग दुसरी.

"पाणी चाललं!" ती ओरडली. कोणाला काही कळायच्या आत तिने मला, चार बादल्या आणि खाणावळीचं सांबाराचं पातेलं समुद्राने भरून टाकलं.

"अगो, तो समुद्र आसा, नळ न्हय!" तिच्या खोलीतली मालवणची वैष्णवी म्हणाली. "सांजेक परत येतलो."

"मतलब, नक्की?"

"त्याका दुसरो धंदो काय आसा?"

त्या दिवसापासून मयूरीचं नाव 'जयपूरची टाकी' पडलं. तरी रोज भरतीला ती गुपचूप मला रिकामं करून ताज्या पाण्याने भरायची. चैन पडत नसे तिला.

तिच्या बरणीत समुद्रातल्या काटेरी प्राण्याची पिल्लं होती, रव्याच्या कणाहून बारीक. रोज त्यांचं थोडं पाणी बदलायचं. उमाकांत सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पिल्लं शनिवारपर्यंत जगली तर पुढे राहशील. नाहीतर जयपूरची गाडी."

मंगळवारी किनाऱ्याजवळ एक बोट उलटली. पाण्यावर डिझेल पसरलं आणि प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी आणणारा पंप बंद करावा लागला. मी त्याआधीच्या भरतीला भरलेला होतो. बुधवारी इतरांच्या बरण्यांत पिल्लं तळाला बसू लागली. वैष्णवी माझ्याकडे बघत दारात उभी राहिली.

"टाके, कितकां आसा गो?"

"अठरा. तोटी गळते. सतरा धर."

"माका देतलंस?"

मयूरीने बोटांवर पेले मोजले. मग तिने मोजायचं सोडून दिलं आणि मागेल त्याच्या बरणीत पेला ओतला. नळाचं पाणी गेलं की शेजारणीला नाही म्हणत नाहीत, एवढंच तिला माहीत होतं. शुक्रवारी माझा तळ दिसला. मयूरी दर दहा मिनिटांनी झाकण उघडून आत बघायची, जणू मी तेवढ्यात कुठून आणणार होतो!

शनिवारी सकाळी मी कोरडा होतो. पण तोटीखालची वाटी रात्रीतून काठोकाठ भरली होती. मयूरीने ती दोन्ही हातांनी उचलली आणि बरणीत ओतली. सरांनी भिंगातून पाहिलं. पिल्लं पोहत होती.

मयूरी आता समुद्राकाठीच नोकरी करते. मी परत खातीपुऱ्याच्या घरी, गॅलरीत असतो. रंग उडाला, झाकण हरवलं. "आज वायसर बदलतो," असं दशरथ रोज म्हणतात.

"राहू द्या हो," शालनताई म्हणतात. वाटी भरली की त्या फोन लावतात.

"पाणी आलं का गं तिकडे?"

"आलं आई. आत्ता भरती आहे."

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकून देऊ नका. गळत असतील, तर खाली वाटी ठेवा.