वर्लिन स्टॉफरच्या कार्डावरचा माणूस

संग्राहकांचा मेळा भरवणाऱ्या टॉड ब्रिंकरने वर्लिनला तीनदा बजावलं होतं: फक्त नाव लिहायचं. निळ्या पेनाने, कार्डावरच्या फोटोच्या खाली, बाकी एक टिंबही नको. शेजारच्या टेबलावर तपासनीस बसला होता. सही डोळ्यांदेखत झाली अशी नोंद करून तो कार्ड प्लॅस्टिकच्या कडक डबीत कायमचं बंद करायचा. नावाखेरीज काही खरडलेलं दिसलं, तर खराब म्हणून परत.

"कळलं ना, मिस्टर स्टॉफर?"

"मी एकोणनव्वद वर्षांचा आहे, टॉड. बहिरा नाही," वर्लिन म्हणाला. पुढचं त्याने मनातच ठेवलं. प्रत्येक कार्डावर तो लिहिणार होता, हा मी नव्हे.

कारण कार्डावरचा माणूस तो नव्हताच. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये वर्लिन स्टॉफर पिचर म्हणून, म्हणजे चेंडू फेकणारा म्हणून, पाच सामने खेळला, मग त्याचं कोपर गेलं, आणि पुढची छत्तीस वर्षं त्याने लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या. त्या पाच सामन्यांमागे खेळाडूंचे फोटो छापून विकतात तसलं त्याचं एकच कार्ड निघालं, १९६० सालचं, आणि त्यावर हसतोय तो जाड भुवयांचा, गालाला खळी पडणारा एमिल प्रोकॉप.

उपद्व्याप वर्लिनचाच. हंगामाआधीच्या सरावाला कार्डवाल्यांचा फोटोग्राफर आला की त्याला बनवायचं, हा तेव्हा सगळ्याच संघांचा खेळ. कोणी डावखुरा नसताना डाव्या हाताने चेंडू धरी, कोणी दुसऱ्याची टोपी घाली. वर्लिनने त्याच सरावाला आलेल्या एमिलशी शर्ट बदलला. फोटोग्राफर शर्टावरचा नंबर बघून यादीवर खूण करत होता. संध्याकाळपर्यंत कोणीतरी त्याला सांगेल, तो शिव्या देत परत येईल, असा दोघांचा हिशेब. फोटोग्राफर जेवणाआधीच दुसऱ्या गावच्या संघाकडे निघून गेला. मग एमिलला संघाने सरावातूनच घरी पाठवलं, त्यामुळे त्याच्या नावचं कार्ड निघालंच नाही आणि एमिलच्या शर्टातला वर्लिनचा खरा चेहरा कुठल्याशा केराच्या टोपलीत गेला. आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे?

दुर्मीळ कार्ड म्हणून संग्राहक त्यावर तुटून पडले. साठ वर्षं लोक टपालाने कार्डं पाठवत राहिले आणि साठ वर्षं वर्लिन ती सही न करता परत पाठवत राहिला. पण मागच्या वसंतात त्याने गावच्या वाचनालयात तेच कार्ड चौकटीत लावलेलं पाहिलं, खाली 'आपल्या गावचा खेळाडू' असं लिहून. त्याने ग्रंथपालबाईंना सांगितलं की हा मी नाही. बाई गोड हसून म्हणाल्या, "पण छापलंय तसं, मिस्टर स्टॉफर." त्या दिवशी त्याच्या डोक्यात तिडीक गेली. आपण मेल्यावर हाच खळीवाला आपण म्हणून उरणार, हे त्याला सहन होईना. त्याने टॉडला फोन लावला आणि सांगितलं की येतो तुझ्या मेळ्याला.

तर आता अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शे-दीडशे लोक रांगेत होते. पहिला होता टेकडीसारखं पोट असलेला, टोपीवाला डेनिस. त्याने कार्ड पुढे केलं. वर्लिनने नाव लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, हा मी नव्हे.

डेनिसचा चेहरा उतरला. टॉड धावत आला.

"हे काय केलंत? आपलं काय ठरलं होतं?"

"तुझं ठरलं होतं. मी नुसता ऐकत होतो."

"अहो, चौदा वर्षं शोधून मिळवलंय त्यांनी ते कार्ड."

"मी पासष्ट वर्षं माझं तोंड शोधतोय. मग कोणी जास्त थांबायचं, सांग."

रांगेत कोणीतरी हसलं, कोणीतरी पैसे परत मागितले. टॉड तपासनिसाकडे वळला. तपासनिसाने नकारार्थी मान हलवली. टॉडने वर्लिनच्या हातातलं पेन काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण भट्ट्यांचे गंजलेले बोल्ट सोडवलेली ती बोटं होती. पेन जागचं हललं नाही.

"दोन मिनिटं बाजूला व्हाल का?" एक बाई टॉडला म्हणाली. ऐंशीच्या घरातली, बारीक, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ती रांग सोडून सरळ टेबलाशी आली होती, आणि तिला अडवायची कोणाची छाती झाली नव्हती. तिने पाकिटातून एक कार्ड काढलं. कोपरे गोल झालेले, मधोमध घडी पडलेली. असल्या कार्डाकडे या हॉलमध्ये कोणी ढुंकूनही बघितलं नसतं.

"मी बर्नाडीन प्रोकॉप. एमिलची बहीण."

वर्लिनने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हे त्याचं. मरेपर्यंत खिशात होतं," ती म्हणाली. "ओतशाळेतून सुटला की दारूच्या गुत्त्यात दाखवायचा, बघा, माझं कार्ड निघालं होतं. लोक नाव वाचायचे आणि हसायचे. म्हणायचे, एमिल, तुझ्यासारखं दिसणाऱ्या माणसाचं कार्ड घेऊन फिरतोस होय? मोठ्या लीगवाला थापाड्या म्हणायचे त्याला."

"त्याने सांगितलं नाही, शर्ट बदलले होते म्हणून?"

"दर वेळी सांगायचा. कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा हसले होते." तिने कार्डाची घडी अंगठ्याने सपाट केली. "आत्ता मागे उभी होते, तर तुम्ही काय लिहिलंत ते रांगेतून कानावर आलं. हा मी नव्हे. म्हणजे तो खरं बोलत होता."

वर्लिनला लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. आपल्याला निदान पाच सामने मिळाले. ते नोंदवहीत छापलेले आहेत, ते कोणाचा बाप खोडू शकत नाही. एमिलच्या वाट्याला सगळं मिळून एक हसणं आलं होतं, आणि त्याच्याखालीही नाव दुसऱ्याचं.

"साठ-पासष्ट वर्षं मी बोंबलतोय, हा मी नव्हे," तो म्हणाला. "मग कोण, ते मी कधी बोललोच नाही. एका माणसालासुद्धा नाही."

त्याने तिचं कार्ड पुढे ओढलं. छापलेल्या 'वर्लिन स्टॉफर'वर त्याने एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, एमिल प्रोकॉप, पिचर. खाली लिहिलं, शर्ट बदलायची कल्पना माझी, आणि मग स्वतःची सही केली.

"डेनिस, तुमचं इकडे द्या. अर्धंच झालंय ते."

"आणखी?" डेनिस कळवळला, पण त्याने कार्ड दिलं.

"मिस्टर स्टॉफर, छापलेलं नाव खोडलंत," टॉडचा आवाज चिरकला. "कार्डाचा सत्यानाश केलात."

"सत्यानाश मी साठ साली केला. आता दुरुस्ती चाललीय."

"अशाने मी तुम्हाला पुन्हा कधी बोलावणार नाही."

"तुझ्या पुढच्या मेळ्यापर्यंत मी टिकतोय होय?" वर्लिन म्हणाला. "बोलाव पुढच्याला. ज्याला नको असेल त्याचे पैसे देऊन टाक, माझ्या वाट्यातून दे. पण सही हवी तर अशीच मिळेल."

अर्धीअधिक रांग फुटली. राहिलेल्यांची कार्डं वर्लिन एकेक करून पुढे घेत होता, रेघ मारत होता, नाव लिहीत होता. तपासनिसाने डब्यांचं खोकं बंद केलं आणि तो कॉफी प्यायला गेला.

बर्नाडीनने कार्ड पाकिटात ठेवलं नाही. रांगेच्या टोकापासून ती एकेकाच्या समोर जाऊन उभी राहिली, रांग सोडून चाललेल्यांच्याही. "हा माझा भाऊ," असं म्हणून ती कार्ड पुढे धरायची आणि समोरचा नाव मोठ्याने वाचेपर्यंत पुढे सरकायची नाही.