जनरल मॅनेजरचे वडील

ओउयांग देफू शेठनी परदेशी हॉटेल कंपनीशी केलेला करार एकशे बारा पानांचा होता. गादीची जाडी, टॉवेलचं वजन, नाश्त्याला अंडी किती प्रकारची, सगळं त्यात लिहिलेलं होतं. इमारत शेठची, नाव आणि कारभार कंपनीचा. शेठनी एकही पान वाचलं नव्हतं, सही मात्र एकशे बारा वेळा केली होती. जनरल मॅनेजर परदेशी असेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. शेठच्या मते ते लिहायची गरजच काय? हॉटेल परदेशी म्हटल्यावर मॅनेजर देशी कशाला येईल?

कंपनीने पाठवली निंग श्यूचेन. वय त्रेचाळीस. चादरी बदलण्यापासून सुरुवात करून शांघाय आणि शियामेनच्या मोठ्या हॉटेलांत एकोणीस वर्षं काढलेली, आणि जनरल मॅनेजर म्हणून पहिल्यांदाच नेमलेली. तिचं गाव मेइशी तालुक्यातलं, म्हणजे शेठच्या शिनथांग तालुक्याला लागून, मध्ये एक टेकडी तेवढी.

"मेइशी?" शेठनी पहिल्या भेटीत विचारलं होतं. "टेकडीपलीकडचं मेइशी?"

"हो, शेठ."

"बसला पाच युआन पडतात ते?"

"आता सहा झालेत."

आयुष्यभर शेठनी बाथरूमच्या फरश्या विकल्या होत्या आणि खोक्यावर एक, आत दुसरंच, हा प्रकार त्यांच्या चांगला ओळखीचा होता. फक्त या वेळी खोकं त्यांनी विकत घेतलं होतं.

श्यूचेन कामाला लागली. शेठना चौथा आणि चौदावा मजला अशुभ म्हणून नको होता, कंपनीला तेरावा नको होता, त्यामुळे सोळा मजल्यांची इमारत लिफ्टच्या बटणांवर एकोणिसाव्या मजल्याला जाऊन संपत होती. त्या सोळा मजल्यांवरची एकेक खोली तिने स्वतः तपासली. कंपनीच्या यादीत खोलीसाठी दोनशे चाळीस मुद्दे होते. तिने स्वतःचा एक जास्तीचा घातला: पाण्याच्या किटलीची मूठ नेहमी पलंगाच्या बाजूला. कंपनीच्या तपासनिसाने याचं कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "सवय."

उद्घाटनाला नऊ दिवस राहिले असताना शेठनी तिला बोलावलं.

"निंग मॅडम, तुमच्या कामाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही."

एकोणीस वर्षांच्या अनुभवावरून तिला कळलं की आता दुसऱ्या कशाबद्दल तरी म्हणणं येणार.

"तालुक्याचे पक्ष-सचिव येणार आहेत. लुओ साहेब. शेजारच्या तीन तालुक्यांतले लोक येणार आहेत. मी वर्षभर सगळ्यांना सांगत सुटलोय, परदेशी हॉटेल, परदेशी हॉटेल. आणि स्टेजवर जाऊन बोलणार कोण, तर मेइशीची बाई? अहो, लोक म्हणतील देफूने टोफूचं दुकान काढलं."

"मग काय करायचं म्हणता?"

"एक गोरा माणूस ठरवलाय. एकाच दिवसासाठी. मॅनेजर म्हणून तो उभा राहील, तीन मिनिटं बोलेल. तुम्ही शेजारी उभं राहून भाषांतर करायचं."

"आणि मी कोण?"

"दुभाषी. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. दुसऱ्या दिवसापासून तुम्हीच साहेब." शेठनी चहाचा कप सरकवला. "नाहीतर करारात आहे म्हणे, पहिल्या तीन महिन्यांत मालकाला मॅनेजर पसंत नसेल तर बदलून मागता येतो. पान सत्याऐंशी."

तेवढं एक पान त्यांनी वाचलेलं होतं.

श्यूचेनला राग आला. पण बदली म्हणजे पुन्हा कुठल्या तरी हॉटेलात उपव्यवस्थापक, आणि पुढची संधी कधी येईल कोण जाणे. ती "बरं" म्हणाली. तिला खरी चिंता वेगळीच होती. उद्घाटनाला तिचे वडील येणार होते.

निंग फूगन, वय एकाहत्तर, मेइशीच्या सरकारी अतिथिगृहात सत्तावीस वर्षं बॉयलरवर होते. मुलगी जनरल मॅनेजर झाली हे त्यांनी आधी शेजाऱ्यांना सांगितलं, मग न्हाव्याला, मग ज्या ज्या माणसाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं त्या प्रत्येकाला. जनरल मॅनेजर नेमकं काय करतो ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण तो स्टेजवर भाषण करतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

श्यूचेनने फोन लावला. "बाबा, त्या दिवशी फार गर्दी असणार. तुम्ही नंतर निवांत या ना."

"मी केस कापून घेतलेत," बाबा म्हणाले.

"केसांचं काय, बाबा..."

"रंगवलेतसुद्धा."

खरं काय ते सांगायचा धीर तिला झाला नाही.

गोऱ्या माणसाचं नाव प्लामेन. तो बल्गेरियाचा, शहरातल्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायचा. मागच्या वर्षभरात तो एका दारू कारखान्याचा फ्रेंच तज्ज्ञ आणि एका फर्निचरच्या दुकानाचा इटालियन मालक होऊन गेला होता. सूट त्याचा स्वतःचा होता. मनाने माणूस वाईट नव्हता.

"बोलायचं काय?" उद्घाटनाच्या सकाळी त्याने श्यूचेनला इंग्रजीत विचारलं. तिने ते शेठना सांगितलं.

"काहीही," शेठ म्हणाले. "फक्त इंग्रजी नको. इथल्या शाळेचे हेडमास्तर बसलेत समोर, त्यांना थोडं येतं. तो घरी जे काय बोलतो ना, ते बोलू दे."

नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांच्या मुहूर्तावर फटाके सुटले. लाल कमानीखाली सिंहाचे मुखवटे घालून नाच झाला, तुतारीवाल्यांनी जीव तोडून वाजवलं, सोनेरी कात्र्यांनी फीत कापून झाली. श्यूचेन स्टेजच्या कडेला माइक घेऊन उभी होती. समोर खुर्च्यांच्या सहाव्या रांगेत बाबा दिसले. निळा नवा कोट, डांबरासारखे काळे केस, मांडीवर खारवलेल्या बदकाच्या अंड्यांची टोपली. टोपली मागे ठेवा म्हणून कुणीतरी सांगून गेलं असणार, कारण त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"आणि आता," सूत्रसंचालक ओरडला, "आपल्या हॉटेलचे जनरल मॅनेजर, मिस्टर प्लामेन!"

टाळ्या पडल्या. बाबाही टाळ्या वाजवायला लागले होते. नाव ऐकून त्यांचे हात थांबले. मग त्यांनी श्यूचेनकडे पाहिलं, आणि ती दुसरीकडे बघायला लागली.

प्लामेन पुढे झाला आणि त्याच्या भाषेत बोलू लागला. आवाज मात्र झकास होता. तीन-चार वाक्यं झाली की तो थांबायचा आणि मानेने तिला खूण करायचा. नंतर त्याने सांगितलं की तो भरलेल्या मिरच्यांची कृती सांगत होता, आईच्या पद्धतीची, कारण न अडखळता तीन मिनिटं बोलता येईल असं त्याला तेवढंच येत होतं.

"माननीय सचिव, मान्यवर पाहुणे, सर्वांचं स्वागत," श्यूचेनने पहिलं भाषांतर केलं. एवढं तर कुठल्याही भाषेत असतंच.

मग प्लामेन भात आणि खिम्याकडे वळला, पुन्हा थांबला, आणि श्यूचेनकडे सांगायला काही नव्हतं. होतं ते फक्त तिचं स्वतःचं भाषण, दोन आठवडे बाथरूमच्या आरशासमोर घोकलेलं. तिने तेच सुरू केलं.

"साहेब म्हणतात, मी हॉटेलचं काम वडिलांकडून शिकलो. ते एका अतिथिगृहात बॉयलरवर होते. रोज पहाटे कोळसा टाकायचा, पाणी उकळायचं, आणि एकेका हातात दोन-दोन थर्मास घेऊन चार मजले चढायचे."

प्लामेनने मिरच्यांचे देठ काढले.

"साहेब म्हणतात, वडील प्रत्येक खोलीत थर्मासची मूठ पलंगाकडे वळवून ठेवायचे. मी लहान होतो, मी विचारलं, असं का? ते म्हणाले, माणसाला अंधारात तहान लागली तर त्याने चाचपडू नये. असं कर म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुणी कधी शाबासकीही दिली नाही. आज या हॉटेलच्या प्रत्येक खोलीत किटलीची मूठ पलंगाकडे आहे."

प्लामेनने वरून दही घातलं आणि वाकून नमस्कार केला. सचिव लुओ साहेबांनी रुमाल काढला. टाळ्या थांबेनात. शेठचा चेहरा उजळला होता.

"बघा!" खाली उतरल्यावर ते तिला म्हणाले. "गोरी माणसं बापाला एवढं मानतात, मला माहीतच नव्हतं. आपल्याकडे कोण असं बोलतं? तुमच्या मेइशीत तर नाहीच नाही."

"नाही," श्यूचेन म्हणाली.

जेवणाला चाळीस टेबलं होती. पहिल्यावर सचिव, शेठ आणि प्लामेन बसले. दुभाष्याला खुर्ची नसते, म्हणून श्यूचेन प्लामेनच्या मागे उभी होती. तिच्या हातात एक पेला दिलेला होता, साहेबाला दारू झेपली नाही तर त्याच्या वाटची घ्यायला.

पेल्याला पेला लावताना आपल्या पेल्याची कड थोरामोठ्याच्या कडेच्या खाली धरायची, हे इथे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. शेठनी सचिवांच्या पेल्याखाली आपला इतका खाली नेला की बाही रश्श्यात बुडाली. बँकेच्या मॅनेजरने शेठच्या खाली नेला, फरश्या पुरवणाऱ्या कारखानदाराने बँकवाल्याच्या. प्लामेनने सचिवांच्या वरून लावला आणि परदेशी म्हणून त्याला माफ झालं.

तेवढ्यात सदतीस नंबरच्या टेबलावरून बाबा उठले. एका हातात पेला, दुसऱ्या हातात टोपली, वाट काढत ते थेट पहिल्या टेबलापाशी आले.

"हे कोण?" शेठनी विचारलं.

"माझे वडील," श्यूचेन म्हणाली.

"या, या! हे आमचे मॅनेजर. ऐकलंत ना भाषण?"

"ऐकलं," बाबा म्हणाले. त्यांनी प्लामेनला डोक्यापासून बुटापर्यंत नीट न्याहाळलं. "पोरी, याला विचार. याचा बाप थर्मास घेऊन कितव्या मजल्यापर्यंत चढायचा?"

श्यूचेनने प्लामेनला इंग्रजीत विचारलं की तुझे वडील काय करतात.

"दातांचे डॉक्टर आहेत," प्लामेन म्हणाला.

"चौथ्या मजल्यापर्यंत, म्हणतोय," श्यूचेनने सांगितलं.

"लिफ्ट नव्हती?"

"नव्हती."

"आणि हातात किती?"

"चार," श्यूचेन म्हणाली. या वेळी तिने प्लामेनला विचारलंच नाही.

बाबांनी मान डोलावली. टोपली टेबलावर ठेवली, सचिवांच्या माशाशेजारी. प्लामेनच्या पेल्याला त्यांनी आपला पेला वरून लावला, जसा म्हाताऱ्या माणसाने तरुणाला लावावा. मग ते त्याला वळसा घालून मागे उभ्या असलेल्या श्यूचेनसमोर आले, आणि पेला दोन्ही हातांत घेऊन तिच्या पेल्याच्या खाली नेला.

तिने घाईने आपला पेला खाली घेतला. बाबांनी त्यांचा आणखी खाली नेला.

"बाबा, काय करताय? वर घ्या."

"भाषण चांगलं झालं," बाबा म्हणाले.

ती आणखी वाकली. तेही वाकले. हजार जेवणावळी जेवलेल्या, टेबलाभोवतीच्या त्या माणसांना कोणाचा पेला कोणाखाली गेला एवढंच बघायची सवय होती, आणि ते सगळे आता तेच बघत होते. सचिवांनी पेल्यांकडे पाहिलं, मग प्लामेनकडे, मग शेठकडे.

"अहो, बापाने मुलीच्या खाली पेला?" शेठ कसनुसं हसले. "मेइशीत सगळं उलटंच."

"मेइशीत जनरल मॅनेजरला मान देतात," बाबा म्हणाले.

वाकता वाकता दोन्ही पेले प्लामेनच्या कोपराशेजारी टेबलक्लॉथला टेकले. आणखी खाली जायला जागा नव्हती, म्हणून बाबांनी तिथेच आपला पेला तिच्या पेल्याला लावला. तिच्या पेल्यातली अर्धी दारू सांडली होती, उरलेली ती एका घोटात प्यायली.